मला टिकून राहू दे

खांदेश्वरा, महादेवा, तुझ्या दारी आलोय. मागणं एकच आहे. मला निष्ठा दे.

देवा, आम्ही सगळे इथे मागाहून आलो. सिडकोच्या इमारती उठल्या, लोकल आली, स्टेशनाला तुझंच नाव लागलं. पोटासाठी कुणी कोकणातून आलं, कुणी घाटावरून. खांदा कॉलनीत घरं झाली, भाडेकरू आले नि गेले. तू मात्र तळ्याकाठी होतास तिथेच आहेस. नोकरी लागल्यावर पेढे घेऊन येणाऱ्याला तू जवळ केलंस, नोकरी गेल्यावर रिकाम्या हाताने येणाऱ्यालाही केलंस. तुझे उपकार मोठे आहेत, बाबा.

मला असं धरून राहता येत नाही. ते शिकव.

इथून जवळच शिरढोण. तिथे १८४५ साली वासुदेव बळवंत फडके जन्मले. पुण्यातली सरकारी नोकरी त्यांच्या हाती होती. ती सोडून त्यांनी रामोशी-कोळ्यांना सोबत घेतलं आणि १८७९ साली इंग्रजांविरुद्ध उठाव केला. पकडले गेले, जन्मठेप झाली, समुद्रापार एडनच्या तुरुंगात गेले. तिथूनही निसटले, पुन्हा धरले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच वारले. जिंकण्याची आशा उरली नाही, तरी त्यांनी घेतला वसा टाकला नाही. एवढं बळ पेलण्याची माझी ताकद नाही, देवा. त्यातलं कणभर दे.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना दिलंस तसं दे. काकांचं अंग लुळं पडलंय, माणसं ओळखू येत नाहीत. काकू चमच्याने पेज भरवतात, हनुवटीवरचा ओघळ पदराने टिपतात आणि भाजी काय भावाने मिळाली ते त्यांना रोज सांगतात. उत्तर येत नाही. त्या सांगायच्या थांबत नाहीत. त्यांचे हात चालते ठेव, महादेवा. त्यांच्या पाठीला आराम दे.

आणि माझ्याकडे बघ. कौतुक थांबलं की माझा उत्साह ओसरतो. आजारपण लांबलं की मी फोन करायचा टाळतो. कुणाचे दिवस फिरले की माझी पावलं जड होतात. देवा, तिथेच मला धर. कंटाळा आला तरी बसून राहू दे. शब्द दिलाय तो पाळू दे. माझ्या माणसांना माझा भरवसा वाटू दे.

जन्मभराचं मागायचं धाडस होत नाही. आजच्या दिवसापुरतं दे. उद्याचं उद्या पुन्हा मागेन.