परत सुरू करायचं बटण

॥ श्रीगुरुभ्यो नमः ॥



या वेळचं चिंतन विमान उतरवण्यावर आहे. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

आमचा भाचा बारावीची परीक्षा देऊन सुट्टीत आमच्याकडे राहायला आला. त्याला वैमानिक व्हायचंय. आपल्या शेजारी गोंदिया जिल्ह्यात बिरसीची धावपट्टी आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली. आता तिथे नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे आणि शिकाऊ मुलामुलींची छोटी विमानं तिथून उडतात. भाच्याचा डोळा तिकडेच. तोवर घरच्या कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे विमान चालवण्याचा हुबेहूब देखावा. पडद्यावर धावपट्टी, हातात जॉयस्टिक.

एका दुपारी म्हणाला, "मामी, बस ना. तुला विमान उतरवायला शिकवतो."

उडवणं सोपं, उतरवणं कठीण, हे आम्हाला तेव्हा कळलं. छोटं सेस्ना विमान ताशी साधारण 120 किलोमीटर वेगाने धावपट्टीकडे येतं. खाली येण्याची वाट जेमतेम 3 अंश कललेली. धावपट्टीवरची एक खूण नजरेत धरायची. ती काचेत वर सरकू लागली तर आपण फार खाली चाललोय, खाली सरकली तर फार उंच आहोत, जागच्या जागी राहिली तर बरोबर. धावपट्टीशेजारी चार दिवे असतात. दोन पांढरे, दोन लाल दिसले तर वाट नेमकी. चारही लाल दिसले तर धोका, आपण फार खाली आहोत. आणि जमीन काही फुटांवर आली की नजर लांब, धावपट्टीच्या टोकाकडे टाकून नाक हलकेच उचलायचं. जवळचंच बघत राहिलं की विमान आपटतं.

आमचं अकरा वेळा आपटलं. दर वेळी भाचा एक बटण दाबायचा आणि विमान पुन्हा हवेत, नवंकोरं. आम्ही खूप हसलो.

मग त्याने बिरसीची धावपट्टी लावली. "बघ मामी, आपलं बिरसी पण आहे यात." गंमत म्हणून त्याने विमान मुद्दाम डोंगरावर नेऊन आपटलं. आमचे हे मागे पेपर वाचत बसले होते. ते हळूच म्हणाले, "तिथं नको रे."

18 मार्च 2023 रोजी बिरसीहून उडालेलं एक प्रशिक्षण विमान आपल्याच जिल्ह्यात, लांजी-किरनापूर भागातल्या डोंगरात कोसळलं होतं. शिकवणारे आणि शिकणारी, दोघंही गेले. आपण सगळ्यांनी त्या दिवशी हळहळ केली होती. ते कसं घडलं यावर बोलण्याचा आपला अधिकार नाही. पण ते घडलं हे विसरता येत नाही.

भाचा ओशाळला, तरी त्याने विचारलंच, "पण मामा, यात कोण मरतंय? खोटंच तर विमान आहे."

मंडळी, प्रश्न साधा नाही. जिच्यामुळे कुणालाच इजा होत नाही, ती चूक चूक असते का?

आम्ही दोघांनी दोन दिवस यावर वाद घातला. पोराचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. चुकायची मोकळीक हवीच. 1929 मध्ये अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या माणसाने जमिनीवरचं शिकाऊ विमान तयार केलं. त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा कारखाना होता. आपल्या भजनातल्या पेटीला जसा भाता असतो, तसे ऑर्गनचे भाते वापरून त्याने एक छोटी पेटीवजा केबिन डोलती, कलती केली. सुरुवातीला लोकांना ते जत्रेतलं खेळणं वाटलं. पुढे 1934 मध्ये टपाल नेताना खराब हवेत सैन्याचे बरेच वैमानिक दगावले, तेव्हा सैन्याने ती यंत्रं विकत घेतली. महायुद्धात लाखो वैमानिक त्यावर शिकले. खोट्या विमानात चुकता आलं, म्हणून खऱ्या विमानात कितीतरी जीव वाचले.

आपल्याकडचं उदाहरण तर त्याहून जुनं आहे. एकलव्यासमोर द्रोणाचार्य नव्हते, मातीची मूर्ती होती. गुरू मातीचे, पण नेम खरा झाला. कारण त्या मूर्तीसमोर तो खरे गुरू बसले आहेत अशाच भावाने उभा राहिला.

इथेच आमची गाडी अडली. हाताला खरं-खोटं कळत नाही. हाताला फक्त सवय कळते. खोट्या विमानात हात जे शंभर वेळा करतो, तेच खऱ्या विमानात एकशे एकाव्या वेळी करेल. आपण यालाच संस्कार म्हणतो, नाही का?

तिसऱ्या दिवशी भाच्याने गो-अराउंड समजावून सांगितलं. उतरताना वेग, उंची, दिशा काहीही बिघडलंय असं वाटलं, तर खरा वैमानिक हट्ट करत नाही. इंजिनाला पूर्ण शक्ती देतो, नाक उचलतो, पंखांचे फ्लॅप टप्प्याटप्प्याने आत घेतो आणि वर चढून, चक्कर मारून पुन्हा येतो. यात कमीपणा नसतो. उलट जो वेळेवर वर जातो तो शहाणा.

आम्ही विचारलं, "तू किती वेळा केलंस असं?"

तो थांबला. म्हणाला, "कधीच नाही. बटण आहे ना."

दोन दिवसांच्या वादाचं उत्तर त्या एका वाक्यात मिळालं. पुन्हा सुरुवात दोन प्रकारे करता येते. एक आपटल्यानंतर, बटण दाबून. दुसरी आपटण्याआधी, वर जाऊन. पहिली फुकट मिळाली की दुसरी शिकायची राहूनच जाते. आयुष्यात मात्र पहिली मिळतच नाही, फक्त दुसरी मिळते. खोट्या विमानात कुणी मेलं नाही हे खरं, पण वेळेवर वर जायची सवय तिथेच मेली.

आता आमच्या घरातलं सांगतो.

आमच्या सासूबाई शेवटच्या वर्षांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायच्या. संध्याकाळी त्यांचा ठरलेला प्रश्न, "दिवा लावला का गं?" एक दिवस सत्संगाची सेवा आटोपून उशिरा घरी आलो. तासाभरापूर्वी डोळे मिटून शांत बसून नाम घेतलं होतं. पोटात भूक, तव्यावर पोळी, आणि सासूबाईंनी चौथ्यांदा विचारलं. आमच्या तोंडून गेलं, "एकदा सांगितलेलं कळत नाही का तुम्हाला?"

त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. सकाळी पाया पडून माफी मागितली. "असू दे," म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. पण त्यानंतर काहीही विचारायच्या आधी त्या आमचा चेहरा बघायच्या. रागात आहोत का, ते आधी पाहायच्या आणि मग विचारायच्या. जाईपर्यंत त्यांचं ते चेहरा बघणं गेलं नाही. माफी मिळाली होती, पण विमान नवंकोरं झालं नव्हतं.

आणि ते काही एका क्षणात घडलं नव्हतं. थकवा होता, घाई होती, दुसऱ्या प्रश्नालाच जीव चिडला होता. चारही दिवे लाल दिसत होते. गॅस बंद करून दोन मिनिटं अंगणात जाता आलं असतं.

मंडळी, सत्संग हा एका अर्थी आपला सिम्युलेटरच आहे. तिथे सगळे गोड बोलतात, कुणी चौथ्यांदा काही विचारत नाही. तिथे शांत राहिलो म्हणजे साधलं असं आपण धरून चालतो. उतरायचं असतं ते घरी, स्वयंपाकघरात, जावेसमोर, सुनेसमोर, नवऱ्यासमोर. त्याहून मोठी चूक म्हणजे गुरुमाउलींच्या क्षमेलाच आपण बटण करून टाकतो. "माउली दयाळू आहेत, सांभाळून घेतील," असं म्हणत पुन्हा तसंच आपटतो. क्षमा उठून उभं राहण्यासाठी असते. आधीच तिच्या भरवशावर पडायचं, हा तिचा अपमान आहे.

गीतेच्या सहाव्या अध्यायात मन आवरण्यासाठी भगवंतांनी अभ्यास आणि वैराग्य अशी जोडी सांगितली आहे. अभ्यास आम्हाला कळायचा. वैराग्य म्हणजे संसार सोडणं असंच वाटायचं. आता वाटतं, जिभेवर आलेलं वाक्य, जिंकत आलेलं भांडण ऐन वेळी सोडून वर जाता येणं, हेसुद्धा वैराग्यच.

भाच्याने आता स्वतःच नियम केलाय. आपटलं तर का आपटलं ते वहीत लिहिल्याशिवाय बटण दाबायचं नाही. वाट बिघडली तर वर जायचं. परवा रात्री त्याने पुन्हा बिरसी लावलं. दोनदा वर गेला. तिसऱ्यांदा विमान हलकेच टेकवलं. मामा मागे उभे होते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याने वहीत लिहिलं आणि कॉम्प्युटर बंद केला.

या आठवड्याचा अभ्यास एवढाच. दिवसातून एकदा तरी बोलण्याआधी वर जायचं आणि रात्री झोपताना ते वहीत लिहायचं. आपापल्या ग्रुपमध्ये घरच्यांनाही सांगा. मुलांना तर हे आपल्यापेक्षा लवकर कळेल.

आमच्याकडे आता दिवा लावला का, असं कुणी विचारत नाही. आम्ही लावतो, आणि मनातल्या मनात सांगतो, "लावला हो आई."

लिहिण्यात काही चुकलं असेल तर सांभाळून घ्यावं. 🙏