सोबतीचा चढ

साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात हिल मॅरेथॉन असते, तेव्हा रस्त्याच्या कडेला लोक उभे राहतात. ओळख ना पाळख, तरी टाळ्या वाजवत सांगतात, 'चला, थोडंच राहिलंय!' आणि दमलेले पाय पुन्हा उचलतात. सोबत असली की चढ सरतो.

घरातही तसंच. 'रोज चालत जा' असं आईला नुसतं सांगून भागत नाही. आपल्यालाही चपला घालाव्या लागतात. सोबत असली की आळस सरतो.

गावच्या दौडीत पहिलं कुणीही येवो. मला सगळ्यांत मागचं कुटुंब पाहायला आवडतं. पदर खोचून चालणारी आजी, पुढे पळून पुन्हा तिच्याकडे येणारा नातू. श्रोतेहो, तुमच्या गावातल्या पुढच्या दौडीला घरातल्या सगळ्यांची नावं द्या. आजोबांचंसुद्धा.