लाल दिवा

सुरतच्या डिंडोलीतल्या एका रो-हाउसमध्ये जिभाऊ आणि जिजी राहत. अमळनेरकडून लूमच्या कामाला आलेलं हे घर इथेच रुजलं. आजूबाजूला निम्मी वस्ती खानदेशची, त्यामुळे परकं असं कधी वाटलंच नाही. यंदा आखाजीला दोघं गावी गेले ते दीड महिन्याने उधन्याला उतरले. जाताना फ्रिजसुद्धा रिकामा करून बंद केला होता. तरी दोन महिन्यांचं लाइट बिल आलं ते भरगच्च.

जिभाऊ तडकले. पुढच्या वेळी रीडिंग घ्यायला पोरगा आला, तेव्हा ओट्यावरूनच त्याला चोर म्हणाले. भर उन्हात, साऱ्या गल्लीदेखत. पोरगा काही बोलला नाही. खाली मान घालून पुढच्या घराकडे गेला.

संध्याकाळी आयटीआयमध्ये वायरमनचं शिकणारी नात आली. "आबा, आधी नंबर बघू," म्हणाली.

जिभाऊंनी डायरी काढली. बिलाचा नंबर म्हणून त्यांनी जपून लिहून ठेवला होता तो मीटरचा नंबर. नातीने बिल मांडीवर पसरलं. "हा ग्राहक नंबर. गावच्या महावितरणच्या बिलावर असतो ना, तसा. हा आपल्या जोडणीचा. मीटर जळून नवं बसलं तरी तोच राहतो; घर विकलं तर बिलावरचं नाव बदलून घ्यायचं. आणि हा खालचा मीटर नंबर, नुसत्या यंत्राचा. मीटर बदललं की बदलतो."

जिन्याखालच्या पेटीशी दोघं वाकली. बिलावरचा मीटर नंबर आणि पट्टीवरचा नंबर एकेक आकडा लावून पाहिला. जुळला. रीडिंगही बिलावरच्या आकड्यापुढे मेळाने सरकलेलं होतं. म्हणजे पोराने जे दिसलं तेच लिहिलं होतं.

"आता घरातला मेन स्विच पाडा."

पंखा थांबला, घर अंधारलं. पण मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतच होता. पट्टीवर ३२०० आकडा छापलेला होता. दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट. जिभाऊ श्वास रोखून बघत राहिले. आपलं घर अंधारात, मग हे युनिट कुणाचं पडतंय?

भिंतीपलीकडे शेजारच्या मावशींचं साडीला लेस लावायचं मशीन घरघरत होतं.

नातीने हाक मारली, "मावशी, जरा मेन स्विच बंद करा!" घरघर थांबली. दिवाही थांबला.

दोन वर्षांपूर्वी दोन्ही घरांवर मजला चढला, तेव्हा एका खासगी वायरमनने मीटरपासून घरात जाणाऱ्या वायरी ओढल्या होत्या. यांची तिकडे, त्यांची इकडे. नंबर खरा, मीटर खरं, रीडिंग खरं. चुकली ती शेवटची हातभर वायर, आणि तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं. सीलला हात न लावता नातीने आधी वीज कार्यालयात अर्ज दिला, मगच परवानाधारक वायरमनकडून वायरी सरळ झाल्या.

मावशी त्याच रात्री तारेला ओवलेली सगळी बिलं घेऊन आल्या. "नवं मशीन कमी खातं असं मला वाटायचं, जिभाऊ. काढा हिशोब." जिजींनी चहा टाकला. युनिटाला युनिट लावत बसायला अकरा वाजले. फरक दरमहा थोडा थोडा द्यायचा ठरला. तीन महिन्यांनी जिभाऊ म्हणाले, आता पुरे. मावशींनी ऐकलं नाही, शेवटच्या रुपयापर्यंत दिले.

पण त्या दिवसांत जिभाऊंना झोप लागत नव्हती ती वेगळ्याच कारणाने.

पुढच्या रीडिंगच्या सुमाराला ते सकाळपासून ओट्यावर बसून राहिले. दोन दिवस कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तो पोरगा गल्लीच्या तोंडाशी दिसला आणि यांना पाहून घुटमळला. जिभाऊ पाण्याचा तांब्या घेऊन उठले, अनवाणीच चालत त्याच्यापाशी गेले आणि त्या दिवशीसारखंच साऱ्या गल्लीदेखत म्हणाले, "बेटा, तुझा आकडा बरोबर होता."

पोराने तांब्या दोन्ही हातांनी घेतला.