भिलारच्या ओसरीवर

महाबळेश्वर तालुक्यातील भिलार हे स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या मेहनती शेतकऱ्यांचे गाव. परंतु ४ मे २०१७ रोजी, वेल्समधील हे-ऑन-वाय या गावाच्या धर्तीवर, महाराष्ट्र सरकारने तेथे ‘पुस्तकांचे गाव’ वसविले. सरकारी हुकुमाने पुस्तके मिळतात, कपाटेही मिळतात. पण कोणाही परक्याने आपला उंबरठा ओलांडून यावे, हवा तो ग्रंथ उचलावा आणि मोबदला न देता वाचीत बसावे, ही मोकळीक घरधन्याच्या औदार्यावाचून लाभत नाही, आणि भिलारकरांनी ती मुक्तहस्ते दिली.

अशा निवांत वाचनात लाभणारी तल्लीनता मनाच्या स्वास्थ्याशीही जोडलेली आहे. मनाच्या विकारांइतकाच मनाच्या सामर्थ्याचाही अभ्यास व्हावा, असा आग्रह मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी १९९८ साली अमेरिकेत धरला आणि पुढे आनंद, तल्लीनता, स्नेहसंबंध, जीवनाचा अर्थ व सिद्धी ही स्वास्थ्याची पाच अंगे मानली. यांपैकी तल्लीनता आज सर्वांत दुर्मिळ झाली आहे, असे मला मनापासून वाटते. म्हणून, गारव्याच्या ओढीने घाट चढून महाबळेश्वरला जाणाऱ्यांनी वेण्णा तलावाच्या गर्दीतून थोडी सवड काढून भिलारच्या एखाद्या घरी तासभर वाचावे, आणि निघताना त्या घरच्या माउलीची आपुलकीने विचारपूस करावी.