चौथी भिंत

राहत्या खोलीचा राजवाडा करायला फारसे काही लागत नाही. एक भिंत रंगवावी, तिच्यापुढे चौरंगावर आईचा जुना शालू अंथरून सिंहासन मांडावे, खुंटीवरचे कॅलेंडर उतरवून ठेवावे, की झाले! कॅमेऱ्याला एका वेळी फार तर तीन भिंती दिसतात. चौथीकडे त्याची पाठ असते. दिवाळीत अंगणातल्या मातीच्या ढिगाला सिंहगड म्हणणाऱ्या पोरांना ही विद्या कोणी शिकवावी लागत नाही.

पण ही फसवणूक म्हणायची की नाही? दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हाच हा प्रश्न मोठ्या गमतीने उभा राहिला होता. गोष्ट सत्यासाठी राज्यावर पाणी सोडणाऱ्या राजाची. पण तिच्यातला राजवाडा दादरच्या बंगल्याच्या आवारात रंगवलेला, तारामती म्हणजे उपाहारगृहात नोकरी करणारे अण्णा साळुंके, आणि रोहिदास फाळक्यांचा स्वतःचा भालचंद्र! सिनेमात काम करणे तेव्हा हलके समजत. म्हणून, कोणी विचारलेच तर ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहोत’ असे सांगावे, अशी मंडळींना ताकीद होती म्हणतात. सत्यवादी राजाच्या नावावर खपलेली ही थाप मला तरी मोठी गोड वाटते.

एवढे खोटे एकत्र येऊनही प्रेक्षक फसला नाही. पैसे मोजून, जाणूनबुजून तो त्या खेळात सामील झाला होता. ज्या खोटेपणाला दोघांचीही संमती आहे, त्याला असत्य म्हणणे म्हणजे आजीच्या गोष्टीतल्या राक्षसाचा दाखला मागण्यासारखे आहे. कधीकधी तर खऱ्याजवळ जायला खोट्याचीच वाट धरावी लागते. ‘अपराजितो’साठी (१९५६) बन्सी चंद्रगुप्तांनी काशीच्या घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारला. वरून झिरपणारा, सावली न पाडणारा तो उजेड आणायचा कोठून? सुब्रत मित्रांनी चौकावर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा झोत त्यावर सोडून तो खाली परतवला. कापडाच्या आभाळातून काशीचा उजेड पडला!

तेव्हा सेटच्या खोटेपणाबद्दल माझी तक्रार नाही. मला खटकतो तो ‘थोड्या खर्चात’ हा शब्द. घराचाच कारखाना केला की खर्च कमी होतो, की तो वहीत लिहायचा राहतो? सरस्वतीबाई फाळके साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत, फिल्मच्या कडांना भोके पाडीत, रसायने कालवीत. चित्रणाच्या वेळी उजेड वळवायला त्या उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत, असेही सांगतात. दागिने गेले ते निराळेच. बाहेरची माणसे लावली असती तर प्रत्येक कामाला रोज द्यावा लागला असता. त्यांनी हे सारे हौसेने केले असेल, नवऱ्याच्या स्वप्नावर विश्वास ठेवून केले असेल. ते मला नाकारायचे नाही. पण मन मोठे असले म्हणून श्रम फुकटचे होत नाहीत, आणि आपण कौतुकाने ‘केवढ्या थोडक्यात केले!’ म्हणतो, तेव्हा हा आकडा गाळूनच म्हणतो.

आज तर फोनमध्येच कॅमेरा आला आहे. दोन खोल्यांच्या घरात मुले पलंग उभा करतात, खिडकीला काळी चादर लावतात, बाहेरच्या खोलीचे पोलीस ठाणे होते. होऊ द्यावे, मला तो उद्योग मनापासून आवडतो. तेवढ्या वेळात आईला मिक्सर बंद ठेवायला सांगतात, कुकरची शिट्टी काढून ठेवायला लावतात, आणि ती निवडायची भाजी घेऊन बाहेर जिन्यात जाऊन बसते. संध्याकाळी जमाखर्च मांडतात: रंग, पुठ्ठा, दोन दिवे, चहा-वडापाव. त्या यादीत जिन्यातले चार तास कोणत्या सदरात घातले, असे एकदा त्या मुलांना विचारून पाहावे.