मायेची सावली

आमच्या ग्रुपवर दिवस उजाडतो तो अंगठ्यांनी. सकाळी सहा पस्तीसला कुणीतरी धोम धरणावरचं धुकं टाकतं आणि सहा सदतीसला त्याखाली अकरा अंगठे, चार फुलं आणि दोन 'अप्रतिम' पडलेले असतात. खुद्द फोटो अजून निम्म्या लोकांच्या मोबाइलवर उतरलेलाही नसतो.

आम्ही सगळे हौशी. वाई आणि आसपासचे. एक दातांच्या डॉक्टरबाई, एक भूगोलाचे सर, एक विमा एजंट, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर, मी बँकेतला, आणि असेच तीस-पस्तीस जण. पोट दुसऱ्या कशावर तरी चालतं आणि जीव कॅमेऱ्यात अडकलेला असतो. नियम दोनच : सुप्रभात टाकायचं नाही आणि राजकारण आणायचं नाही. 'अप्रतिम' किती वेळा लिहायचं, याला मात्र नियम नव्हता.

लग्नात कुणी किती आहेर केला याची वही ठेवतात ना, तशी एक वही आमच्यातल्या प्रत्येकाच्या मनात होती. डॉक्टरबाईंनी माझ्या सूर्यास्ताला 'निःशब्द!' दिलं की त्यांच्या खंड्याला मी 'एक नंबर, मॅडम' देणं लागायचो. विमा एजंटने दोनदा काहीच लिहिलं नाही, तेव्हा तिसऱ्या वेळी त्याचा फोटो मीही न बघितल्यासारखा केला. कुणी ठरवलेलं नव्हतं, पण वही चोख होती.

फक्त एक माणूस आहेर करायचा नाही आणि घ्यायचाही नाही. ते म्हणजे आबा.

आबांचा स्टँडजवळ स्टुडिओ होता. पासपोर्ट, मुंजी, लग्नं, शाळेचे ग्रुप फोटो. लाल दिव्याच्या खोलीत त्यांचा निम्मा जन्म गेला. हायपोच्या वासाने त्यांची बायको त्यांना अंधारातही ओळखायची, असं ते सांगतात. निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने नवरीच्या गालावरचे देवीचे वण भरून काढण्यात तालुक्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. लग्नाला दोन रोल, म्हणजे बहात्तर फोटो. त्यातला एक वाया गेला तरी खिशाला लागायचं, म्हणून बटण दाबायच्या आधी बघायची सवय. डिजिटल आलं, मग मोबाइल आले आणि आबांनी शटर खाली ओढलं. नातवाने त्यांना ग्रुपमध्ये घातलं तेव्हा ते अठ्ठ्याहत्तरचे होते.

ते कधी चांगलं म्हणायचे नाहीत आणि वाईटही म्हणायचे नाहीत. विचारायचे.

डॉक्टरबाईंनी मेणवलीचा घाट टाकला होता. मेणवली हे आमचं घरचं दैवत. नाना फडणवीसांचा वाडा, पायऱ्या, ती मोठी घंटा. चित्रपटवाल्यांनी आणि आम्ही मिळून त्या पायऱ्यांचे इतके फोटो काढलेत की दगड झिजले असतील तर पाण्याने नाही, आमच्याने. नेहमीप्रमाणे अंगठे पडले. तासाभराने आबांनी लिहिलं, "बाई, ती धुणं धुणारी कपडा आपटतेय का पिळतेय? दोन्हीच्या मधे अडकलीय. तुम्ही तिच्याकडे बघत होता का घंटेकडे?"

बाईंनी हसरा चेहरा टाकला, पण त्या दुखावल्या हे सगळ्यांना कळलं. विमा एजंटने मला खासगीत लिहिलं, "म्हातारा खडूस आहे." मी लगेच अंगठा दिला. माझ्या धोमच्या फोटोवरही आबांनी विचारलं होतं, "पाणी झकास. पण तू कुठं उभा होतास? पाण्यावरून कळत नाही." काय उत्तर द्यायचं असल्या प्रश्नाला? मी दिलंच नाही.

एकदा मी त्यांना घरी जाऊन सुनावलंही. म्हटलं, "आबा, लोक हौसेनं टाकतात. जरा गोड बोललं तर काय बिघडतं?" ते चहा ओतत होते. म्हणाले, "मुंबईत १८५४ सालीच फोटोवाल्यांची सोसायटी निघाली होती. भाऊ दाजींचे भाऊ नारायण दाजी तिच्यात होते, डॉक्टरकी शिकलेला माणूस. काचेवर ओला मसाला लावायचा, तो सुकायच्या आत फोटो काढायचा, सुकायच्या आत धुवायचा. एवढी खटपट करून आणलेल्या फोटोला कुणी नुसतं वा वा म्हटलं असतं, तर त्याला राग नसता आला?" मला वाटलं, हे उत्तर नव्हे. बशी खाली ठेवून मी निघालो.

मग मे महिना सरता सरता मला ते घरटं सापडलं.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक ओढा आहे. उन्हाळ्यातही त्याच्या एका डोहात पाणी टिकतं. शेळ्या राखणाऱ्या एका पोराने सांगितलं, "काका, लांब शेपटीचं पांढरं पाखरू हाय." स्वर्गीय नर्तक! नर पांढराशुभ्र, डोकं काळंभोर, शेपटीला दोन फिती, फुटाच्या आसपास लांब. तो उडतो तेव्हा कुणीतरी वरून रिबन सोडल्यासारखी वाटते. मादी तांबूस, आखूड शेपटीची. करंजाच्या एका लवलेल्या फांदीच्या दुबेळक्यात यांची वाटी होती. माझ्या मुठीएवढी, बारीक गवताची, वरून कोळ्याच्या जाळ्याने लिंपलेली. आत तीन पिल्लं.

मी नुकतीच हप्त्यांवर मोठी लेन्स घेतली होती. पहिल्या दिवशी दोनशेच्या वर फोटो काढले आणि एकही धड नव्हता. घरट्यापुढे करंजाची एक डहाळी यायची. हिरवी, दाट, नेमकी मादीच्या तोंडावर. दुसऱ्या दिवशी मी सुतळी नेली आणि डहाळी बाजूला ओढून बांधली. वाऱ्याने ती सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. तिसऱ्या दिवशी मी ती मोडली.

मोडताना फार आवाज झाला नाही. पापड मोडावा इतकाच. साल सुटली नाही म्हणून पिळून तोडावी लागली आणि बोटांना तो करंजाचा उग्र, कडवट वास लागला. मादी समोरच्या झाडावर बसून बघत होती. मी मागे सरकलो, डोळा लावला. काय सांगू! दहाचं ऊन सरळ घरट्यावर उतरलं होतं. वाटीचा धागान् धागा दिसत होता. पिल्लांच्या चोची आतून लिंबाच्या सालीसारख्या पिवळ्या. मादी आली, घरट्याच्या काठावर उभी राहिली आणि तिने दोन्ही पंख अर्धे उघडून पिल्लांवर धरले. तशीच उभी राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. मी बोट उचललंच नाही.

त्या रात्री तो फोटो टाकला. नाव दिलं 'मायेची सावली'.

असला पाऊस ग्रुपवर कधी पडला नव्हता. 'निःशब्द', 'मातृत्व!', 'डोळे पाणावले सर', 'कडक'. भूगोलाच्या सरांनी आईवर चार ओळी स्वतः रचून टाकल्या. डॉक्टरबाईंनी तो दवाखान्यात लावायला मागितला. सहा जणांनी खासगीत 'लोकेशन?' विचारलं आणि मी उदार मनाने सहाही जणांना जागेची खूण पाठवली. साडेदहापर्यंत मी मोबाइल खाली ठेवला नाही. बायको म्हणाली, "जेवा आता, गार झालंय." मी म्हटलं, "थांब गं."

अकरा वाजता आबांचं आलं.

"आई कुणावर सावली धरतेय?"

मी लिहिलं, "पिल्लांवर, आबा."

"घास नाही चोचीत. तरी तिन्ही पिल्लांची तोंडं उघडी. का?"

मी उत्तर दिलं नाही. मोठं करून बघितलं. खरंच घास नव्हता. पिल्लं वर बघत नव्हती, मागत नव्हती. मान टाकून, चोची फाकवून धापा टाकत होती. आमच्या गल्लीतलं कुत्रं मे महिन्यात टाकतं, तशा.

मग तिसरा प्रश्न आला. "घरट्यात एवढं ऊन कुठून आलं? हा पक्षी उन्हात बांधत नाही."

ज्या फोटोवर चाळीस माणसांनी माया बघितली होती, त्यात एकच गोष्ट घडत होती : मी आत सोडलेलं ऊन ती बाई अंगावर अडवत होती. ते मी लेन्समधून दोन मिनिटं बघितलं होतं. पिवळ्या चोची बरोबर फोकसमध्ये आहेत की नाहीत एवढंच.

रात्रभर डोळा लागला नाही असं म्हणणार नाही, लागला. पण पाचला उठून आबांना फोन केला. ते जागेच होते. ओरडले नाहीत. "तोडलेली डहाळी तिथंच पडलीय का? नसली तर दुसऱ्या झाडाची घे. आई लांब गेली की मागून जा, घरट्याला हात न लावता बांध आणि पाच मिनिटांत तिथून नीघ. सुकली की परवा दुसरी. कॅमेरा घरी ठेव."

ओढ्यावर पोचलो तर माझ्या आधी चौघे आले होते. तिघे आमचेच, चौथा त्यांच्यातल्या कुणाचा तरी साताऱ्याचा मित्र. तिवया उभ्या. खालची आणखी एक फांदी मोडलेली. वर टकाचोर ओरडत होता. माणसांनी दार उघडं टाकलं की आत कोण येतं हे टकाचोराला चांगलं कळतं. पिल्लं हा त्याचा खाऊच. मी म्हटलं, "उठा, बास झालं, पिल्लं मरतील." विमा एजंट डोळा न काढता म्हणाला, "तुमचा झाला ना फोटो?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याच्या लेन्सपुढे जाऊन उभा राहिलो. बराच वेळ. मग ते गेले, शिव्या देत गेले.

डहाळी बांधली ती त्याच सुतळीने. वाटीत तेव्हा दोनच पिल्लं होती. तिसरं खाली पाचोळ्यात सापडलं, मुंग्या लागलेलं. एक दिवसाआड मी नवी डहाळी नेली, चार वेळा. पाचव्या वेळी वाटी रिकामी होती आणि ओढ्याच्या पलीकडे, दाट पानांत, दोन आखूड शेपटीचे तांबूस गोळे आईच्या मागे मागे उडत होते. फोटो नाही. कॅमेरा घरी होता.

मी ग्रुपवर सगळं लिहिलं. डहाळी, सुतळी, पाचोळा, सगळं. सरांनी कायदा काढला : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या घरट्यांना धक्का लावणं येतं. आमच्या घरात तीन पिढ्या कुणी मासळीला हात लावलेला नाही आणि शिकारीच्या खाली माझं नाव! आणखी कुणी सांगितलं की बऱ्याच स्पर्धा घरट्याचे फोटो घेतच नाहीत. मग ग्रुप गप्प झाला. दोन दिवस कुणी काही टाकलं नाही. एजंट आणि आणखी तिघे बाहेर पडले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी मेणवलीचा तोच जुना फोटो पुन्हा टाकला आणि खाली लिहिलं, "आबा, मी घंटेकडे बघत होते."

आबांनी पहिल्यांदा अंगठा दिला.

परवाची गोष्ट. ऊसतोडीचा हंगाम लागलाय, फडाकडेला कोप्या पडल्यात. कंडक्टरकाकांनी एक फोटो टाकला : कोपीपुढं सात-आठ वर्षांची पोर, कडेवर भाऊ, केस भुरे, मागे धूर. सुरेख उजेड. माझं बोट 'अ' वर गेलं आणि मोबाइलने पुढचं सगळं आपणहून सुचवलं, 'अप्रतिम'. चार वर्षांची सवय, त्याला पाठ झालंय. मी ते खोडलं आणि लिहिलं, "काका, ही पोर कुणाकडे बघतेय? कॅमेऱ्याकडे नाही."

बराच वेळ नुसतं 'टायपिंग' दिसत राहिलं. मग थांबलं. पुन्हा सुरू झालं.

"तव्याकडं," त्यांनी लिहिलं. "आई शेवटची भाकरी भाजत होती. मी तिला इकडं बघ म्हणून दोनदा हाक मारली."