बॅबिलोन कोणत्या देवाने दिलं?

इसवी सनापूर्वी ५३९ च्या ऑक्टोबरात इराणच्या सायरसने बॅबिलोन घेतलं. शहराने फारशी झुंज न देता दारं उघडली. हे शहर त्याच्या हाती कोणी दिलं? बॅबिलोनचे पुजारी म्हणतात, आमच्या मर्दुकाने. राजा नबोनिडस चंद्रदेव सिनच्या भजनी लागला, दहा वर्षं अरबस्तानात तेमा गावी जाऊन बसला, नववर्षाचा अकितू उत्सव बंद पडला. मर्दुक रागावला. त्याने सगळे देश धुंडाळून एक नीतिमान राजा शोधला आणि सायरसचा हात धरून त्याला आणलं. मर्दुकाचा राग आणि सायरसची ही निवड वीतभर लांबीच्या एका मातीच्या नळीवर कीलाकार लिपीत लिहिलेली आहे. त्याच मुलखात बंदिवासात पडलेले ज्यू म्हणतात, हे आमच्या परमेश्वराने केलं. यशयाच्या पुस्तकात सायरसला, म्हणजे मराठी बायबलातल्या कोरेशाला, परमेश्वराचा अभिषिक्त म्हटलं आहे. नळीवर मात्र ज्यूंचा उल्लेखही नाही.

निवृत्तीनंतर मी इतिहासात एम.ए.ला नाव घातलं, तेव्हा प्राचीन जगाचा पेपर मला सर्वांत परका वाटेल असं घरच्यांना वाटत होतं. पण मी ठाण्याच्या टेंभी नाक्यावर वाढले. आमच्याकडे सायरसचं नाव अभिमानाने घेणाऱ्या पारशांची अग्यारी आहे आणि त्याने ज्यांना परतीची वाट मोकळी करून दिली त्या ज्यूंचं सिनेगॉग आहे, दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. सिनेगॉगचं नाव शाआर हाशामाईम, म्हणजे स्वर्गाचं द्वार. ते बांधलं १८७९ साली. बॅबिलोनच्या ढिगाऱ्यात ती मातीची नळी होर्मुझ्द रस्सामच्या माणसांना सापडली तीही १८७९ मध्येच. योगायोगच हा, त्यातून काही सिद्ध होत नाही. तरी वाचलं तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ तशीच बसले होते.

सिनेगॉगसमोरच्या सिव्हिल हॉस्पिटलात माझी नोकरी झाली. तिथे मी हा बॅबिलोनचा प्रश्न रोज पाहिला आहे, फक्त तेव्हा त्याला नाव नव्हतं. एकाच वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवरचे दोन पेशंट सुधारायचे. सलाईन तेच, इंजेक्शन तेच, राउंडला येणारे डॉक्टरही तेच. डिस्चार्जच्या दिवशी एकाची आई कोपिनेश्वराला नारळ फोडून यायची, दुसऱ्याची माउंट मेरीला मेणबत्ती लावायला निघायची, कोणी दर्ग्यावर चादर चढवायचं. नवरात्र जवळ असलं की टेंभी नाक्याच्या देवीला नवस. शिवसेनेचे ठाण्याचे नेते आनंद दिघे यांनी १९७८ साली तो उत्सव सुरू केला. देवीच्या पायाशी ओटी भरणाऱ्या कितीतरी बायका मला आधी वॉर्डात भेटलेल्या असत. प्रत्येकीची खात्री पक्की. मीही त्यांच्यातलीच आहे. माझ्या मुलाच्या टायफॉइडनंतर मी नऊ दिवस धरले ते अजून धरते. इतिहास शिकून ते सुटलं नाही.

पण प्रश्न आता टळत नाही. मर्दुक खरा असेल तर यशया चुकला, आणि यशया खरा असेल तर मर्दुकाचे पुजारी चुकले. की दोघंही आपापल्या आनंदाला नाव देत होते? आमचे शिकवणारे सर सांगतात की नळीवरचा मजकूर विजेत्यासाठी लिहिलेला आहे, नव्या राजाला जुन्या देवाचा आशीर्वाद मिळवून देण्याची ती रीत होती. हे मला पटतं. जिंकणाऱ्याने देव आपल्या बाजूने आहे असं म्हणणं जगात सगळीकडे सापडतं, आणि त्यावर विचार करण्यासारखं मला फार काही दिसत नाही.

हरणाऱ्याचं मात्र तसं नाही. बॅबिलोनचा राजा नेबुकॅडनेझर याने इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये ज्यूंचं यरुशलेम जाळलं, मंदिरासकट, आणि त्यांना बंदिवान करून नेलं. त्या काळच्या समजुतीप्रमाणे हिशेब सरळ होता: ज्याचं मंदिर जळलं तो देव हरला. बंदिवानांनी मर्दुकाला शरण जायला हवं होतं. त्यांनी उलट सांगितलं की आमचा देव हरलेलाच नाही. आम्ही गरिबांना नाडलं, करार मोडला, म्हणून त्यानेच नेबुकॅडनेझरला आमच्यावर आणलं. शत्रूचा राजाही त्याच्याच हातातला. पराभव आपल्या अंगावर घेऊन त्यांनी देवाला वाचवलं, आणि असा देव मग एका गावाचा राहिला नाही, साऱ्या जगाच्या इतिहासाचा झाला.

या लोकांबद्दलचा एक कागद, म्हणजे मातीची पाटी, माझ्या मनात घर करून आहे. बॅबिलोनच्या राजवाड्यात शिध्याच्या नोंदी सापडल्या. त्यांत कैदेतल्या यहूदाच्या राजाला, यहोयाखीनला, दिलेल्या तेलाची नोंद आहे. त्याच्या पाच मुलांना मिळून अडीच सिला तेल. सिला म्हणजे साधारण लिटरभर. मी वर्षानुवर्षं डाएट रजिस्टर भरलं आहे. त्या कारकुनाला राजाबद्दल ना राग होता, ना दया. नाव, माप, पुढची ओळ. ज्या लोकांनी जगाचा एकमेव देव मांडला, ते त्या वेळी कोणाच्या तरी रजिस्टरातली एक ओळ होते.

ती नळी २०१३ च्या डिसेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आली होती. आमच्या एक सीनियर सिस्टर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, होत्या. त्या मला ओढून घेऊन गेल्या. काचेपलीकडे ती नळी भाजक्या मडक्याच्या तुकड्यासारखी दिसत होती. ताई म्हणाल्या, "आमचं तर यात नावसुद्धा नाही गं. पण आम्ही आहोत." त्यांच्या लोकांची आठवण अशी, की अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात जोडपी वाचली आणि ग्रंथ समुद्रात गेले. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. पोथ्या नव्हत्या, शब्बाथ, सुंता आणि शमा ही प्रार्थना एवढं टिकलं. कोणत्याही विजयाचा पुरावा हातात नसताना माणसं देव कसा सांभाळतात, हे मला पुस्तकापेक्षा ताईंकडून जास्त कळलं.

इथपर्यंत मला बंदिवानांचं म्हणणं बॅबिलोनच्या पुजाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठं वाटत होतं. मग मला मुलांचा वॉर्ड आठवला.

मूल गेलं की आई पहिल्यांदा रडते, आणि थोड्या वेळाने जवळपास प्रत्येक आई एकच गोष्ट बोलते: माझंच काहीतरी चुकलं. उपास मोडला होता, सटवाईची पूजा राहिली होती, मागच्या जन्मीचं पाप असेल. बंदिवानांनी केलं तेच ती करते. देवाला निर्दोष ठेवते आणि दोष स्वतःकडे घेते. एका अख्ख्या समाजाला ज्या विचाराने उभं केलं, तोच विचार वॉर्डातल्या त्या बाईला जमिनीत गाडतो. गरिबाला नाडणाऱ्या राज्याने आपली चूक शोधावी हे न्यायाचं आहे. डेंग्यूने गेलेल्या चार वर्षांच्या मुलाच्या आईने कसली चूक शोधायची? आणि आपल्याकडे कर्माचा सिद्धांत ऐकवायला व्हरांड्यात कोणीतरी नातेवाईक उभाच असतो. त्याचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

हा पेच जुन्या लोकांनाही पडला होता, हे अभ्यासात कळलं तेव्हा मला फार धीर आला. बॅबिलोनमध्ये मर्दुकालाच उद्देशून एक दीर्घ काव्य आहे, 'लुद्लुल बेल नेमेकी'. त्यातला सज्जन माणूस कोणतंही कर्मकांड न चुकवता आजारी पडतो. डोकं, मान, हातपाय, गिळणं, एकेक अवयव कसा गेला ते तो केस पेपरवर लिहावं इतक्या बारकाईने सांगतो. त्याला वाटतं, माणसाला जे चांगलं दिसतं ते देवाला वाईट दिसत असेल काय. शेवटी मर्दुक त्याला बरा करतो. ज्यूंकडे ईयोबाचं पुस्तक आहे. बरेच अभ्यासक ते बंदिवासाच्या काळातलं किंवा त्यानंतरचं मानतात, म्हणजे 'आपली चूक झाली' हे उत्तर मिळाल्यानंतरचं. कोणीतरी ते उत्तर एका निष्पाप माणसावर लावून पाहिलं आणि ते बसेना.

ताई आता इस्राएलमध्ये अश्दोदला मुलाकडे असतात. पेपरच्या आधी मी त्यांना फोन केला, ईयोबाबद्दल विचारायला. त्यांनी तत्त्वज्ञान सांगितलं नाही, घरची रीत सांगितली. मयताच्या घरी भेटायला गेलं की ज्याचं माणूस गेलं तो बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. हे ईयोबाच्या मित्रांवरून आलं आहे म्हणे. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले होते. मी पुस्तक उघडून पाहिलं. तसंच आहे. चौथ्या अध्यायात त्या मित्रांतला एलीफज तोंड उघडतो आणि समजावू लागतो की निष्पाप माणसावर अशी वेळ येत नाही. तिथून पुढे पानामागून पान ईयोब त्याच्याशी भांडतो, देवाशीही भांडतो, देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो. आणि शेवटी परमेश्वर रागावतो तो एलीफज आणि त्याच्या दोघा सोबत्यांवर.